रोजचे सहाशे मणी

नमस्कार मंडळी, आज जरा जड विषय घेतलाय. घरात लहान मुलं ऐकत असतील तर आवाज थोडा कमी करा, पण तुम्ही ऐका.

आयर्लंडमधे डब्लिनला गोल्डनब्रिज म्हणून एक संस्था होती, मर्सी सिस्टर्स म्हणजे नन्स चालवायच्या. अशा संस्थांना इंडस्ट्रियल स्कूल म्हणायचे, शाळा आपली नावाला. तिथल्या मुली वर्ग सुटला की जपमाळा बनवायला बसायच्या. तारेत मणी घालायचा, पक्कडीने तार वळवायची, की पुढचा मणी. कोटा ठरलेला, दहा-दहा मण्यांचे साठ तुकडे, म्हणजे रोजचे सहाशे मणी. तारेने बोटं कापायची, आणि कोटा नाही झाला तर मार. देवाचं नाव घ्यायला जी माळ हातात धरतात ती अशी बनत होती, हे वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये माझ्या.

अशा संस्थांमधल्या मुलांचा गुन्हा काय? बहुतेकांचा गरिबी, बस. कोर्ट त्यांना तिथे पाठवायचं आणि सरकार दर मुलामागे संस्थेला पैसे द्यायचं.

1999 मधे पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी देशाच्या वतीने माफी मागितली, मग चौकशी आयोग नेमला, आणि रिपोर्ट यायला 2009 उजाडलं. मारहाण, उपासमार, लैंगिक अत्याचार सगळं आहे त्यात. फक्त करणाऱ्यांची खरी नावं नाहीत, कारण ख्रिश्चन ब्रदर्स, म्हणजे मुलांच्या अशाच संस्था चालवणारा कॅथलिक धर्मबंधूंचा संघ, कोर्टात गेले आणि शेवटी नावं छापायची नाहीत असं ठरलं.

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो 2002 च्या भरपाई कायद्याचा. पैसे मिळाले, 15 हजारांवर लोकांना मिळाले, ते मी नाकारत नाही. पण त्याच कायद्यात कलम 28 आहे, अर्जातली माहिती अशी उघड करायची नाही की ज्याने कोणाची ओळख पटेल, केलीत तर दंड, तुरुंगसुद्धा. अहो, लहानपणी ज्यांना दमदाटी करून गप्प बसवलं त्यांना म्हातारपणी न्याय मागायला गेल्यावर परत गप्पच बसवायचं? आणि चर्चच्या संस्थांनी तेव्हा कबूल केले 12 कोटी 80 लाख युरो, त्यातही काही जमिनी-इमारतींच्या रूपात, उरलेली जबाबदारी सरकारने अंगावर घेतली. एकूण खर्च गेला दीडशे कोटी युरोंच्या घरात. ओरड झाल्यावर चर्चच्या संस्थांनी अजून देऊ म्हटलं, तरी मोठा भार पडला तो करदात्यांवरच.

2019 मधे तर सरकारने बिल आणलं, आयोगाची आणि भरपाईची कागदपत्रं 75 वर्षं बंद ठेवायची. 75 वर्षं! साक्ष देणाऱ्यांपैकी कोण असणार तेव्हा? खूप विरोध झाला, बिल बारगळलं. आपणच दिलेली साक्ष आपल्या हातात यावी, कोणाला दाखवायची ते आपण ठरवू, एवढंच बऱ्याच जणांचं मागणं आहे, आणि त्यात मला तरी काही जास्त वाटत नाही.