सिल्व्हन : रानातनं आलेला शब्द

अमेरिकेच्या नकाशावर न्यूयॉर्कच्या जरा खाली पेनसिल्व्हेनिया दिसतंय बघा, या नावातच जंगल आहे. १६८१ साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने हा मुलुख विल्यम पेन नावाच्या इंग्रजाला दिला, कारण पेनच्या वडिलांचे पैसे राजाकडे थकले होते. पेनने नाव सुचवलं सिल्व्हेनिया, राजाने पुढे पेन जोडलं, तेही वडील अ‍ॅडमिरल पेन यांच्या आठवणीत. लोक म्हणतील याने स्वतःचंच नाव लावून घेतलं, या भीतीने पेन नाव बदलायला २० गिनी, म्हणजे तेव्हाची इंग्रजी सोन्याची नाणी, द्यायलाही तयार होता पण कोणी ऐकलं नाही.

लॅटिनमध्ये सिल्व्हा म्हणजे जंगल. त्यातनं इंग्रजीत आला सिल्व्हन, म्हणजे वनातला, झाडीने वेढलेला. पण कुठलंही जंगल सिल्व्हन नसतं हं. जिथे वाघाच्या भीतीने अंगावर काटा येतो तिथे हा शब्द कोणी वापरत नाही, गार सावली, पानांतून झिरपणारं ऊन, जवळच ओढा, अशी मन निवणारी जागा असली तरच सिल्व्हन. बोलण्यात फार येत नाही, लिहिण्यातच जास्त, आणि मला तो फार आवडतो.

रोमन लोकांचा सिल्व्हानस नावाचा देव होता, वनाचाही आणि शेताच्या बांधाचाही. आपल्याकडे देशावर शेतकरी रानात चाललो म्हणतो तेव्हा तो शेतावरच निघालेला असतो ना, अगदी तसंच.

आता त्याच सिल्व्हाचं दुसरं पोर बघा. सिल्व्हाटिकस म्हणजे जंगलातला, त्याचं फ्रेंचमध्ये झालं सॉव्हाज आणि इंग्रजीत सॅव्हेज, म्हणजे रानटी. आपणही रानमेवा, रानफूल किती मायेने म्हणतो आणि माणसाला रानटी म्हटलं की शिवी होते.

पेन यायच्या कितीतरी आधीपासून त्या झाडीत लेनापे लोक राहत होते, मका पिकवत होते, शिकार करत होते. गोऱ्यांनी त्यांच्या झाडीला सिल्व्हेनिया म्हटलं आणि अशा मूळ रहिवाशांना सॅव्हेज, एकाच मुळातले दोन शब्द, हे मला नकाशा बघताना दरवेळी टोचतं. पुढे लेनापेंना तिथनं पश्चिमेकडे हुसकावलं गेलं. पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया शहरात नदीकाठी मॅनायंक नावाचा भाग मात्र अजून आहे, नाव लेनापे भाषेतलं, अर्थ आपण पाणी प्यायला जातो ती जागा.