पगारपत्रकावरचा एक आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यापैकी जे नोकरी करतात त्यांनी आज घरी गेल्यावर पगारपत्रक काढून बघा. भविष्य निर्वाह निधी असतो, प्राप्तिकर असतो, आणि त्यांच्याच आसपास एक बारीक आकडा असतो, 'व्यवसाय कर'. बहुतेकांचे दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे अडीच हजार पुरे होतात. मी फोर्टातल्या एका कचेरीत तीसेक वर्षं पगारपत्रकं केली. माझ्या हाताने हा कर किती जणांच्या पगारातून कापला गेला असेल! पण तो कुठे जातो, हे सुरुवातीला मला माहीत नव्हतं. ते सांगितलं आमच्या शिपायाने.

आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातले. एकदा पगाराच्या दिवशी कुणीतरी या करावरून कुरकुर करत होतं, तेव्हा चहाचे कप उचलता उचलता मामा म्हणाले, "बाई, हे पैसं आमच्याकडं जात्यात. माजी आई रोजगार हमीवर खडी फोडती."

त्यानंतर मी हा विषय कधी सोडला नाही.

1972 च्या दुष्काळाची आठवण असलेले श्रोते अजून असतील. लाल मिलो म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मजुरांना मिळणारा सुकडीचा खाऊ, आणि मैलोन् मैल माणसांच्या रांगा. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पण रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळाच्याही आधीची. वि. स. पागे यांनी ती मांडली, आणि 1965 च्या सुमाराला सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोगही झाला. मागेल त्याला काम. सरकारची मेहरबानी म्हणून मिळणारं नव्हे, कामाचा हक्क म्हणून.

पागे काँग्रेसचे, पण 1960 पासून 1978 पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती ही गोष्ट. सभापतीला वादात उतरता येत नाही. समोर दोन बाजू भांडत असतात आणि त्याने दोघांचंही ऐकून घ्यायचं असतं. पक्षाच्या बाकावरून ठोकून बोलायची सोय नसलेल्या माणसाने आपली योजना पुढे कशी न्यायची? पत्रं लिहून, भेटून, समजावून, पुन्हा भेटून. मला तर वाटतं, त्या खुर्चीनेच ही योजना एका पक्षाची होऊ दिली नाही.

आणि पैसा? 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. शहरातल्या पगारदारांनी आणि व्यावसायिकांनी भरायचं, तेवढीच रक्कम सरकारने घालायची, आणि ते खेड्यातल्या मजुरापर्यंत पोचवायचं. यात मोठा वाटा मुंबईचा. आता विचार करा, दादरचा किंवा गिरगावचा आमदार. कर भरणारे त्याचे मतदार, आणि काम मिळणार माण-आटपाडीच्या बाईला, जी त्याला कधीच मत देणार नाही. तरीसुद्धा रोजगार हमीचा 1977 चा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला. त्या वेळी विधिमंडळ नरिमन पॉइंटला नव्हतं. रीगल सिनेमाजवळच्या जुन्या दगडी इमारतीत, जिथे आज राज्याच्या पोलिस महासंचालकांचं कार्यालय आहे, तिथे भरायचं. त्या बाजूने गेलात तर जरा थांबून बघा. एरवी एकमेकांवर तुटून पडणाऱ्यांनी या कायद्याला एका सुरात 'होय' म्हटलं होतं.

कायदा झाला तेव्हा राज्य काँग्रेसचं होतं. तो अंमलात आला 26 जानेवारी 1979 ला, आणि तोवर सरकार पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, आलं होतं. मुख्यमंत्री शरद पवार, आणि त्यांच्या मंत्रिमंडळात जनता पक्षाचे आणि शेतकरी कामगार पक्षाचे मंत्री. शेकापचे एन. डी. पाटील त्यात सहकारमंत्री होते. ते पवारांचे मेहुणे, पवारांच्या भगिनी सरोजताईंचे पती. त्या सरकारातला काळ सोडला, तर आयुष्यभर पवारांच्या विरुद्ध बाकावर आणि विरुद्ध मोर्च्यांत राहिले, पण नातं तुटलं नाही आणि विरोधही मऊ झाला नाही. दोन्ही एकत्र सांभाळणं किती अवघड असतं, हे ज्यांच्या घरात दोन पक्षांची माणसं आहेत त्यांना विचारा.

योजनेत खोट नव्हती असं मी म्हणणार नाही. मामांच्या आईची मजुरी कित्येकदा तीन-तीन आठवडे अडकायची. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, भलतीच नावं असायची. पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही तर बेकारी भत्ता, असं कायदा म्हणायचा. मामांच्या गावात भत्ता कुणाला मिळाल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. पण कायदा होता, म्हणून तहसील कचेरीवर मोर्चा नेता यायचा. लाल बावटा घेऊन जा नाहीतर दुसरा कुठला, मागायला आधार होता. 2005 मध्ये संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या मुलीने फोन केला. "आई, या महिन्यात माझे शंभर रुपये जास्त का कापले?" तिला मामांची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, मग त्या आजींनी नेमकं बांधलं काय?

मामांनी मला ते सांगितलेलं होतं. आधी खडी फोडली, रस्ता झाला. मग गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव. चार उन्हाळे आजी घमेली उचलत होत्या. तलाव भरला की खालच्या विहिरींना पाणी येतं. मामा निवृत्त होऊन गावी गेले, आणि दर पावसाळ्यात एकदा तरी त्यांचा फोन यायचा.

"बाई, आईचं तळं भरलं बगा."