डोईमागे ५० एकर : वसाहतकाळातल्या व्हर्जिनियात माणसांचे गट कसे पडले

नमस्कार मंडळी.

मसालेभाताचा वास इथवर येतोय, त्यामुळे इंग्रजांच्या तेराही अमेरिकी वसाहतींना हात घालत नाही. न्यू यॉर्क डचांकडे असताना, १६४३ च्या सुमारास, चार-पाचशेंच्या वस्तीत अठरा भाषा चालतात असं एका फ्रेंच पाद्र्याने लिहून ठेवलं. पेनसिल्व्हेनियात जर्मन इतके आले की बेंजामिन फ्रँकलिनने त्यांचा धसका घेतला. हे तुम्ही वाचलेलं असतं. मी बोलणार आहे आपण राहतो त्या व्हर्जिनियाबद्दल. तऱ्हेतऱ्हेची माणसं एका किनाऱ्यावर उतरली, तर त्यांच्यात इतक्या पक्क्या भिंती घातल्या कुणी? माझ्या मते असेंब्लीने, म्हणजे वसाहतीच्या कायदेमंडळाने, आणि कोर्टांनी, एकेक कलम लावत, साधारण १६४० ते १७०५ या काळात.

आधीपासून इथे असलेल्या पौहॅटन जमातींवर १६४६ च्या तहाने वर्षाला वीस बीव्हर-कातड्यांची खंडणी बसली. त्यांच्यातल्या पामंकी आणि मॅटापोनाय या जमाती आजही थँक्सगिव्हिंगच्या सुमारास गव्हर्नरला हरीण नेऊन देतात, ती त्या जुन्या तहांचीच परंपरा. टीव्हीवरच्या बातमीत तो सोहळा मजेशीर वाटतो; मुळात ती खंडणी आहे.

आता जमीन. १६१८ मध्ये वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीने नियम केला की जो माणसाचं जहाजभाडं भरून त्याला इथे आणेल, त्याला डोईमागे ५० एकर. याला हेडराइट म्हणत. आणलेल्यांच्या नावांची यादी कोर्टापुढे ठेवायची, शपथेवर दाखला घ्यायचा, तो सेक्रेटरीच्या कचेरीत नेऊन हक्क नोंदवायचा, सर्व्हेअरकडून मोजणी करायची, मग गव्हर्नरच्या सहीचं पेटंट, म्हणजे जमिनीची सनद. तीन वर्षांत घर आणि थोडी लागवड झाली नाही तर जमीन जाई. शिवाय ५० एकरांमागे वर्षाला एक शिलिंग सारा. घोळ कुठे होणार ते दिसतंच आहे. एकाच माणसावर भाडं भरणारा व्यापारी, जहाजाचा कप्तान आणि त्याला विकत घेणारा मळेवाला असे तिघे हक्क सांगत. कप्तान तर स्वतःच्या खलाशांचीही नावं लावत.

१६३५ सालच्या अशाच एका यादीत, जॉर्ज मेनिफी या बड्या व्यापाऱ्याने आणलेल्या माणसांमध्ये, ‘टोनी, ईस्ट इंडियन’ अशी नोंद सापडते. इथल्या इंग्रज वसाहतींत हिंदुस्थानातून आलेल्या माणसाची ही पहिली नोंद मानतात. शिवाजी महाराज तेव्हा पाच वर्षांचे होते. टोनी कोकणातला की बंगालचा, हे यादी सांगत नाही. तेव्हा ‘अमेरिकेतला पहिला मराठी माणूस’ असा फॉरवर्ड आला तर पुढे ढकलू नका. त्याच्या डोईचे ५० एकर अर्थातच मेनिफीला मिळाले.

त्या काळी मळ्यांवर राबणारे बहुतेक जण करारी नोकर होते, आणि त्यातले बहुसंख्य गरीब इंग्रज. मॉरिशस-फिजीच्या गिरमिटियांची हकिगत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा साचा ओळखीचा वाटेल. एकाच कागदावर करार दोनदा लिहायचा, मधोमध वेडावाकडा कापायचा, एक तुकडा नोकराकडे आणि एक मालकाकडे. तंटा झाला की दोन्ही कडा जुळवून बघायच्या. मुदत सहसा चार ते सात वर्षं. कागद नसेल तर कोर्ट वय ठरवी: १७०५ च्या कायद्यात एकोणीसच्या वरच्याला पाच वर्षं, त्याखालच्याला चोवीसाव्या वर्षापर्यंत. मोलकरणीला लग्नाविना मूल झालं तर एक वर्ष वाढीव, नाहीतर मालकाला हजार पौंड तंबाखू. मुदत संपल्यावर पुरुषाला दहा बुशेल (धान्याचं इंग्रजी माप) मका, तीस शिलिंग आणि एक बंदूक. बाईला पंधरा बुशेल आणि चाळीस शिलिंग. सुरुवातीच्या काळात पुष्कळ जण हिवतापाने आणि हगवणीने मुदतीआधीच दगावत. म्हणून मळेवाल्याला जन्मभराचा गुलाम महाग पडे, चार वर्षांचा नोकर परवडे.

१६१९ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पॉइंट कम्फर्टला उतरवलेल्या, आफ्रिकेतल्या अंगोलाच्या वीसेक माणसांचा दर्जा तेव्हा कायद्यात कुठेच लिहिलेला नव्हता. १६२१ मध्ये आलेला अंतोनियो पुढे मोकळा झाला, अँथनी जॉन्सन म्हणून १६५१ मध्ये हेडराइटवर त्याने २५० एकर मिळवले, स्वतः मजूर ठेवले. पण १६४० मध्येच तिघे नोकर मिळून पळाले आणि पकडले गेले, तेव्हा फटके तिघांनाही सारखेच पडले. डच आणि स्कॉट यांना चार-चार वर्षं वाढीव मिळाली, तर जॉन पंच या काळ्या नोकराला जन्मभर चाकरी.

यातलं सर्वांत बोलकं प्रकरण एलिझाबेथ की हिचं. आई आफ्रिकी, बाप इंग्रज. १६५६ मध्ये तिने कोर्टात सुटका मिळवली, ती तीन मुद्द्यांवर: बाप इंग्रज होता, बाप्तिस्मा झालेला आहे, कराराची मुदत उलटून गेली आहे. असेंब्लीने धडा घेतला, पण उलटा. १६६२ चा कायदा म्हणाला, मूल आईच्या दर्जाचं. इंग्रजी रिवाजात वंश बापाकडून धरत, तो इथे मुद्दाम फिरवला. १६६७ चा कायदा म्हणाला, बाप्तिस्म्याने गुलामी सुटत नाही. १६७० मध्ये काळ्या किंवा मूळनिवासी माणसाला, तो मोकळा आणि ख्रिस्ती असला तरी, ख्रिस्ती नोकर विकत घ्यायची बंदी झाली. त्याच वर्षी शेजारच्या मेरीलँड वसाहतीत जाऊन राहिलेला अँथनी जॉन्सन वारला, आणि व्हर्जिनियातल्या ज्युरीने तो काळा, म्हणून परका, असं ठरवून त्याची तिथली जमीन सरकारजमा केली.

१६७६ मध्ये नॅथॅनिएल बेकन या मळेवाल्याने गव्हर्नरविरुद्ध बंड केलं; त्यात गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र लढले, राजधानी जेम्सटाउन जळालं. त्यानंतर भिंत आणखी उंच झाली. १७०५ च्या कायद्यात गोऱ्या ख्रिस्ती नोकराला मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाविना उघड्या अंगावर फटके मारायला बंदी झाली. त्याच कायद्याने गुलामांची गुरं, घोडी, डुकरं काढून घेतली, विकली आणि पैसे चर्चच्या गरिबांना वाटले. गरीब गोऱ्याला आपण त्या गटातले नाही हे पटवण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग नसेल.

याच कायद्यातलं एक कलम आपल्याकडून आलेल्यांना नडणारं होतं: जो आपल्या मायदेशी ख्रिस्ती नव्हता तो इथे गुलाम, अपवाद, इंग्लंडात किंवा दुसऱ्या ख्रिस्ती देशात आपण मोकळे होतो हे जो सिद्ध करील त्याचा. हे डोक्यात ठेवून जुलै १७७६ ची ‘व्हर्जिनिया गॅझेट’मधली फरारीची जाहिरात वाचा. जॉन न्यूटन, वय वीसच्या आसपास, जन्माने आशियाई इंडियन, लांब काळे केस मागे बांधलेले, उत्तम न्हावी. इंग्लंडात दहा वर्षं चाकरीला होता, ‘असं तो म्हणतो’. विल्यम्सबर्गहून येताना दमलेल्या घोड्याबरोबर मागे राहिला आणि किंग विल्यम कोर्टहाउस ते टॉड्स ब्रिजच्या दरम्यान नाहीसा झाला. न्हाव्याचा धंदा करत मोकळा माणूस म्हणून वावरेल, ही मालकाची भीती.

कुणाला शोध घ्यायचा असेल तर जमिनीची पेटंटं लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. नुसतं ‘इंडियन’ दिसलं तर ते बहुधा मूळनिवासी. ‘ईस्ट इंडियन’ असेल तरच थांबा. १७०५ नंतर तोच माणूस ‘मुलाटो’ (मिश्र वंशाचा) या रकान्यात गेलेला असू शकतो, म्हणून तोही चाळा. १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला बदले, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदींवर आधीचं साल असतं. किंग विल्यम काउंटीचे (काउंटी म्हणजे जिल्हा) बरेच कागद १८८५ च्या आगीत गेले, आणखी काही काउंट्यांचे १८६५ मध्ये रिचमंडच्या आगीत. नॉर्थॅम्प्टन काउंटीची कोर्ट-दप्तरं मात्र १६३२ पासून सलग शाबूत आहेत. सुरुवात तिथून करा.