सिक्युरिटी केबिनमधला पहिला कागद

(दृश्य: रात्रीचं गेट. झडतीची रांग.)

रात्रीचे साडेअकरा. दुसरी पाळी सुटली आहे. एका कामगाराच्या डब्याच्या पिशवीत कापडात गुंडाळलेला लोखंडी बुश, म्हणजे पोकळ नळीसारखा सुटा भाग, निघतो. स्वतःच्या मोटरसायकलसाठी त्याने तो जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, काढलेला असतो. मूळ तुकडा स्क्रॅपच्या पेटीतला, माइल्ड स्टीलचा, ४० मिलिमीटर व्यासाचा आणि ६० मिलिमीटर लांबीचा. वजन सहाशे ग्रॅमच्या आतबाहेर. भंगारवाला त्याचे फार तर वीस-पंचवीस रुपये देईल.

कंपनीची वस्तू परवानगीशिवाय घरच्या कामाला वापरली तर पुढे काय होतं, हे दाखवायला हा प्रसंग नमुन्यादाखल घेतला आहे. बुशच्या जागी रविवारी घरसामान हलवायला नेलेला कंपनीचा टेम्पो ठेवा, नाहीतर शनिवारी घरी नेलेलं वेल्डिंगचं मशीन. पुढचा क्रम तोच राहतो.

सिक्युरिटीवाला रजिस्टरमध्ये नोंद करतो, शिफ्टच्या साहेबांना बोलावतो आणि कामगारापुढे कोरा कागद सरकवतो. ‘लिहून दे, इथेच मिटवून टाकू.’ घाबरलेला माणूस लिहितो, ‘मी कंपनीचा माल चोरून नेत होतो. माझी चूक झाली. माफ करावे.’ खाली सही, तारीख.

नोकरी राहणार की जाणार, हे बऱ्याचदा या चार ओळींवर ठरतं. पुढे चौकशीत व्यवस्थापन साक्षीदार आणतं, सीसीटीव्ही दाखवतं, पण सगळ्यात आधी पुढे येतो हा माफीनामा. जे कबूल आहे ते वेगळं सिद्ध करावं लागत नाही. ‘दबावाखाली लिहून घेतलं’ हे तीन महिन्यांनी सांगितलं, तर पश्चातबुद्धी म्हणून बाजूला पडतं. दबाव खरोखर असेल तर दुसऱ्याच दिवशी तसं लेखी कळवायला हवं, ईमेलने किंवा रजिस्टर पोस्टाने, आणि पोच जपून ठेवायला हवी.

मग केबिनमध्ये लिहायचं काय? घडलं तेवढंच. कोणता तुकडा, कुठून घेतला, कोणत्या मशीनवर, किती वाजता, कशासाठी, कोणाला माहीत होतं. परवानगी नव्हती तर नव्हती असंच लिहावं, कारण खोटं कॅमेऱ्यात उघडं पडतं आणि मूळ चुकीपेक्षा जड जातं. पण ‘चोरी’ हा शब्द स्वतःच्या हाताने लिहू नये. तो निष्कर्ष आहे आणि तो काढण्याचं काम चौकशी अधिकाऱ्याचं. सही करण्याआधी त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढू द्यायला सांगावं. मोबाइल गेटवर जमा असेल तर झेरॉक्स मागावी, आणि तीही मिळाली नाही तर ‘प्रत दिली नाही’ हे सहीच्या वर लिहावं.

(दृश्य: नोटीस बोर्डावरचे स्थायी आदेश, पिवळा पडलेला कागद.)

एका शब्दाबद्दल एवढा आग्रह कशासाठी, ते या कागदावर दिसतं. स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांत (कामगारांच्या भाषेत स्टँडिंग ऑर्डरमध्ये), गैरवर्तनांची यादी असते. स्थायी आदेशांच्या जुन्या १९४६ च्या कायद्याखाली सरकारने घालून दिलेल्या नमुना आदेशांत ‘मालकाच्या धंद्याच्या किंवा मालमत्तेच्या संदर्भात चोरी, फसवणूक किंवा अप्रामाणिकपणा’ हे स्वतंत्र कलम आहे. मालमत्तेचं जाणूनबुजून नुकसान हे दुसरं. तो कायदा महाराष्ट्रात ५० कामगारांपासून लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आणि स्थायी आदेशांचा उंबरठा ३०० कामगारांवर गेला. लहान कारखान्यातल्या माणसाने आता आपलं नेमणूकपत्र आणि सेवाशर्ती आधी काढून वाचाव्यात.

यादीत नसलेल्या गोष्टीला गैरवर्तन म्हणून शिक्षा करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या प्रकरणात १९८३ मध्ये सांगितलं. त्यामुळे ‘परवानगीशिवाय वापर’ असे शब्द तुमच्या आदेशांत नसतील, तर व्यवस्थापन तोच प्रकार ‘अप्रामाणिकपणा’च्या कलमात बसवतं. आणि इथेच वाद सुरू होतो, कारण अप्रामाणिकपणाला हेतू लागतो. वस्तू सगळ्यांदेखत मशीनवर केली की लपून? पिशवीत उघडी होती की कापडात गुंडाळलेली? टेम्पोच्या लॉगबुकात फेरी लिहिली की किलोमीटर दडवले? हेतूची पारख या तपशिलांवर होते.

‘परत ठेवणारच होतो’ एवढ्या उत्तराने मात्र सुटका होत नाही. १९५२ मध्ये जोधपूरच्या हवाई दल अकादमीतून एका प्रशिक्षणार्थीने परवानगी नसताना हार्वर्ड विमान उडवलं आणि ते पाकिस्तानात उतरलं. तात्पुरती नेलेली वस्तू ही चोरी कशी, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५७ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीसाठी दोषी ठरवणं कायम ठेवलं. मालकाला वस्तूपासून काही काळ वंचित ठेवलं आणि स्वतः तिचा गैर लाभ घेतला, एवढं चोरीला पुरतं. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ मध्ये नोकराने मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची चोरी केल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. गेटवरची बहुतेक प्रकरणं पोलिसांत जात नाहीत, पण कलम आहे. फौजदारी खटल्यातून सुटलात तरी नोकरी आपोआप परत मिळत नाही, कारण तिथे संशयापलीकडचा पुरावा लागतो आणि कंपनीच्या चौकशीत ‘असं घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं.

(दृश्य: टेबलावर आरोपपत्र, शेजारी रोजनामा.)

निलंबन झालं की पहिले ९० दिवस निम्मं वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळतं. चौकशी कामगारामुळे लांबलेली नसेल तर त्यानंतर ७५ टक्के. कारणे दाखवा नोटीस, मग आरोपपत्र. उत्तराला सहसा ४८ किंवा ७२ तास दिलेले असतात. मुदतवाढ पहिल्याच दिवशी लेखी मागावी, आणि त्याच पत्रात सिक्युरिटी रजिस्टर, त्या शिफ्टचं फुटेज, तक्रार आणि साक्षीदारांची यादी मागावी. फुटेज काही आठवड्यांत पुसलं जातं. उशिरा मागितलं तर ‘उपलब्ध नाही’ हेच उत्तर येतं.

मग ‘डोमेस्टिक’, म्हणजे कंपनीची अंतर्गत चौकशी, सुरू होते. चौकशी अधिकारी तक्रारदार नसावा, साक्षीदारही नसावा. सोबत सहकारी किंवा युनियनचा कमिटी मेंबर बचाव प्रतिनिधी म्हणून घेता येतो. कामकाज मराठीत हवं असेल तर ते पहिल्याच तारखेला रोजनाम्यात, म्हणजे चौकशीच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहून घ्यावं. प्रत्येक तारखेचा रोजनामा वाचूनच सही करावी. न विचारलेला प्रश्न विचारल्यासारखा लिहिलेला सापडतो तो तिथेच. गैरहजर राहणं सगळ्यात महाग पडतं, कारण चौकशी एकतर्फी होते आणि उलटतपासणीची संधी जाते.

‘इथे सगळेच घरचं काम करतात’ हा बचाव तोंडी निरर्थक आहे, कागदावर मोलाचा. गेट रजिस्टरच्या मागच्या दोन वर्षांच्या नोंदी मागा. त्याच प्रकारात दुसऱ्याला फक्त ताकीद मिळाली असेल तर ते पत्र मागा. समान चुकीला समान शिक्षा, हा मुद्दा न्यायालयं ऐकतात. सुपरवायझरने तोंडी परवानगी दिली असेल तर त्याला साक्षीला बोलवावं लागतं. तिथे तो बहुतेक वेळा नाकारतो, त्याचीही नोकरी पणाला लागलेली असते.

शिक्षा ठरवताना गुन्ह्याचं गांभीर्य आणि मागचा सेवाकाळ पाहायचा असतो, तसं नमुना आदेशातच लिहिलं आहे. महाराष्ट्रातल्या एका रासायनिक कारखान्यात रात्रपाळीत मशीन चालू असताना झोपलेल्या कामगारांची बडतर्फी १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धक्कादायक प्रमाणात जास्त ठरवली. पण डुलकी आणि अप्रामाणिकपणा न्यायालय एका तराजूत तोलत नाही. विश्वास गमावला हे एकदा सिद्ध झालं की रक्कम वीस रुपये होती हा युक्तिवाद फारसा चालत नाही. आमच्या मते वीस रुपयांच्या बुशपायी वीस वर्षांची नोकरी घालवणं अन्याय आहे, पण तो अन्याय दाखवायला आरोपपत्रातला ‘अप्रामाणिकपणा’ आधी खोडावा लागतो.

बडतर्फीनंतर औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी नव्या संहितेत दोन वर्षांची मुदत आहे. चौकशी सदोष ठरली तरी कामगार सुटतोच असं नाही. व्यवस्थापनाने वेळीच मागणी केली असेल तर ते तिथे नव्याने पुरावा देऊ शकतं. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. नैतिक अधःपतनाच्या कृत्यासाठी ती पूर्ण किंवा अंशतः जप्त होऊ शकते, आणि त्यासाठी फौजदारी शिक्षा आधी व्हावी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरवलं. त्याच निकालात एसटीच्या वाहकांच्या बाबतीत जप्ती २५ टक्क्यांवर आणली गेली.

(दृश्य: स्टोअरच्या खिडकीवर गेटपासचं पुस्तक.)

परवानगीचा कागद मिळतो या खिडकीवर. परतीचा गेटपास, तीन प्रती. त्यावर वस्तूचं नाव, नग, अनुक्रमांक, बाहेर जाण्याची तारीख, परत येण्याची तारीख आणि अधिकाऱ्याची पूर्ण सही असावी लागते, नुसती आद्याक्षरं चालत नाहीत. स्क्रॅपच्या तुकड्यासाठी तो परतीचा नसलेला गेटपास असतो आणि वजन लिहावं लागतं, सहाशे ग्रॅम असलं तरी. एक प्रत स्टोअरमध्ये, एक गेटवर. तिसरी कामगाराकडे राहते. वस्तू परत जमा केल्यावर या तिसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा.