मुक्त सीमेवरचा शिक्का

गोरखपूरहून उत्तरेकडे निघालेला रस्ता शंभरेक किलोमीटरवर सोनौलीला पोहोचतो आणि तिथे एका कमानीखालून नेपाळमध्ये शिरतो. पलीकडच्या वस्तीचे नाव बेलहिया. कमानीच्या दोन्ही बाजूंना तशीच दुकाने, तीच भोजपुरी, सायकलरिक्षांची तीच घंटा आणि मालमोटारींची तीच लांबलचक रांग आहे. पलीकडे गेल्यावर घड्याळ तेवढे पंधरा मिनिटे पुढे करायचे असते, कारण नेपाळची वेळ भारताच्या तेवढी पुढे आहे. पण तेही कोणी लगेच करत नाही. पाठीवर पिशवी घेतलेला एखादा परदेशी प्रवासी इथे रिक्षात बसतो, रिक्षा गर्दीतून वाट काढत पुढे सरकते आणि कोणीही न अडवता तो दुसऱ्या देशात उतरतो. त्याच्या पासपोर्टवर भारतातून बाहेर पडल्याची नोंद झालेली नसते आणि नेपाळमध्ये आल्याचीही नसते. त्याने कुंपण ओलांडलेले नाही, पहारा चुकवलेला नाही, रात्रीची वेळही निवडलेली नाही. तरीही त्याचा प्रवेश बेकायदा ठरतो, आणि बहुतेकदा हे त्याला स्वतःला सर्वांत शेवटी कळते.

असे घडू शकते, याचे कारण या सीमेच्या जन्मात आहे. ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यातील युद्धानंतर २ डिसेंबर १८१५ रोजी सुगौलीच्या तहावर सह्या झाल्या, ४ मार्च १८१६ रोजी तो पक्का झाला आणि आजच्या सीमेचा ढोबळ आराखडा ठरला. पुढे १८५७ च्या उठावात नेपाळचे पंतप्रधान जंगबहादूर राणा यांनी इंग्रजांना लष्करी मदत केली, त्याच्या मोबदल्यात १८६० मध्ये बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हा तराईचा, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सपाट प्रदेशाचा, पश्चिमेकडील पट्टा नेपाळला परत मिळाला. सीमेवरच्या जुन्या खांबांना 'जंगे खांब' म्हणतात, ते याच जंगबहादूरांच्या नावावरून. खांबांच्या दोन्ही अंगांना दहा-दहा गज जमीन मोकळी सोडायची असते. स्थानिक लोक तिला 'दशगजा' म्हणतात. कागदावर ही पट्टी कोणाचीच नसते. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी तिच्यावर गुरे चरतात, मुले खेळतात आणि कुठे कुठे तर घरेही उभी राहिलेली आहेत.

३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता व मैत्रीचा तह झाला. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची आणि फिरण्याची मुभा परस्पर तत्त्वावर दिली. सीमेवरच्या माणसाला त्यासाठी तहाची गरज नव्हतीच. 'रोटी-बेटीचे नाते' हे शब्द इथे भाषणात वापरण्यापुरते नसून ते रोजच्या जगण्याचे वर्णन आहे. माहेर एका देशात आणि सासर दुसऱ्या देशात, शेत इकडे आणि बाजार तिकडे, अशी असंख्य कुटुंबे सुमारे १,७५१ किलोमीटर लांबीच्या या सीमेवर राहतात. त्यांच्यासाठी पासपोर्ट नाही, व्हिसा नाही आणि शिक्काही नाही.

हा तह दोन देशांच्या नागरिकांपुरता आहे. फ्रान्सचा पर्यटक, जपानचा यात्रेकरू, ऑस्ट्रेलियाचा विद्यार्थी यांच्यासाठी ही सीमा इतर कोणत्याही आंतरराष्ट्रीय सीमेइतकीच बंद आहे. ठरवून दिलेल्या मोजक्या नाक्यांवरच आणि रीतसर नोंद करूनच ती त्यांना ओलांडता येते. सोनौली–बेलहिया, रक्सौल–वीरगंज, बनबसा–गड्डाचौकी, रूपैडिहा–नेपाळगंज आणि मेची नदीवरील पानीटंकी–काकरभिट्टा हे त्यांतले रुळलेले मार्ग. एकाच रस्त्यावर, एकाच कमानीखाली, एका माणसासाठी दार सताड उघडे आणि त्याच्या शेजारून चालणाऱ्यासाठी बंद असते. अडचण एवढीच की बंद दार डोळ्यांना दिसत नाही.

नियम समजायला अवघड नाहीत. भारतातून निघणाऱ्या परदेशी प्रवाशाने आधी भारतीय इमिग्रेशन कार्यालयात जाऊन पासपोर्टवर प्रस्थानाचा शिक्का घ्यायचा, मग सीमा ओलांडायची आणि पलीकडे नेपाळच्या 'अध्यागमन' कार्यालयात अर्ज भरून, शुल्क देऊन व्हिसा घ्यायचा. हे शुल्क २०१९ पासून १५ दिवसांसाठी ३० डॉलर, ३० दिवसांसाठी ५० डॉलर आणि ९० दिवसांसाठी १२५ डॉलर असे ठरलेले आहे. बहुतेक देशांच्या नागरिकांना हा व्हिसा नाक्यावरच मिळतो. अफगाणिस्तान, इराक, नायजेरिया यांसारख्या काही देशांच्या नागरिकांना मात्र तो आधीच काढून आणावा लागतो.

हे सारे सरळ असले तरी सोनौलीचे भारतीय कार्यालय कमानीला लागून नाही. ते सीमेच्या थोडे अलीकडे, रस्त्याच्या कडेला, दुकानांच्या ओळीत आहे, आणि ज्याला ते तिथे असल्याचे ठाऊक नाही त्याच्या नजरेतून ते सहज निसटते. विमानतळावर प्रवाशाला चुकायचे म्हटले तरी चुकता येत नाही, कारण तिथे इमारतच त्याला खिडकीपर्यंत नेऊन पोहोचवते. इथे अधिकाऱ्याला शोधत जाण्याचे काम प्रवाशाचे असते. कायद्यातील शिक्षेचे आकडे ज्या तत्परतेने बदलले जातात, त्या तत्परतेने नाक्यावरची पाटी मोठी केली जात नाही, असे म्हणणे इथे अवाजवी ठरू नये.

कमानीजवळ पहारा नसतो असे मात्र नाही. भारताच्या बाजूने २००१ पासून सशस्त्र सीमा बल या सीमेची राखण करते आणि नेपाळच्या बाजूला सशस्त्र प्रहरी बल असते. मात्र रोज हजारोंच्या संख्येने ये-जा करणाऱ्या गर्दीत प्रत्येकाची कागदपत्रे पाहणे अशक्य आहे, त्यामुळे जवानाची नजर साहजिकच चेहऱ्यांवरून फिरते. सोनेरी केसांचा प्रवासी थांबवला जाण्याची शक्यता बरीच असते. खरा धोका असतो तो भारतीय चेहऱ्याच्या परदेशी नागरिकाला.

सुट्टीत आलेल्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करू. आजी-आजोबा भारतीय नागरिक आहेत, मुलगा आणि सून यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, नातवंडे तिथेच जन्मली आहेत आणि चौघांकडेही ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड, आहे. कुशीनगरला बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे स्थान पाहून झाले, आता लुंबिनीला त्याचे जन्मस्थान पाहायचे आहे, आणि बेलहियापासून ते तासाभराच्या अंतरावर आहे. सहाही जण एकाच गाडीत बसलेले असतात, बोलणे मराठीत चाललेले असते आणि गाडीत डोकावणाऱ्या जवानाला त्यांत परदेशी कोणी दिसत नाही. ओसीआय कार्डामुळे भारतात येण्यासाठी आयुष्यभर व्हिसा लागत नाही हे खरे असले, तरी ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि नेपाळच्या लेखी तर त्याला काहीच अर्थ नाही. गाडीतील दोन माणसे १९५० च्या तहाच्या आधाराने कायदेशीरपणे नेपाळमध्ये गेलेली असतात आणि उरलेली चार, त्याच क्षणी, त्याच गाडीतून, बेकायदा.

गंमत अशी की माणसांना न थांबवणारा हा नाका गाडीला मात्र थांबवतो. भारतीय गाडी नेपाळमध्ये न्यायची तर 'भन्सार', म्हणजे सीमाशुल्क कार्यालयात, तिचा परवाना काढावा लागतो आणि दिवसांच्या हिशेबाने पैसे भरावे लागतात. चालक ते काम न चुकता करतो, कारण पुढे कागद नसल्यास गाडी अडकते हे त्याला पक्के माहीत असते. गाडीची नोंद झाली म्हणजे सगळ्यांचीच झाली, असा समज मागे बसलेल्यांचा होतो.

चूक उघडकीस येते ती वेगळ्याच ठिकाणी. काठमांडूच्या विमानतळावरून परतणाऱ्या प्रवाशाच्या पासपोर्टवर नेपाळचा व्हिसा शोधला जातो आणि सापडत नाही. दुसऱ्या एखाद्याने बेलहियाला व्हिसा मागितलेला असतो, पण भारताचा प्रस्थानाचा शिक्का नसल्याने त्याला तिथूनच मागे पाठवले जाते. हा प्रवासी सुदैवी म्हणायचा. सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण त्याचे, ज्याने भारतातून बाहेर पडल्याची नोंदच केलेली नाही. भारताच्या दफ्तरी तो अजून भारतातच आहे. तो पोखऱ्याला तलावाकाठी बसलेला असतो आणि इकडे त्याच्या भारतीय व्हिसाचे दिवस भरत जातात. मुदत उलटली की नोंदींनुसार तो मुदत संपूनही देशात राहिलेला परदेशी ठरतो, आणि पुढच्या वेळी व्हिसासाठी अर्ज करताना आपण त्या काळात भारतात नव्हतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

उलट दिशेने, नेपाळमधून भारतात नोंद न करता येणाऱ्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. तो पहिल्या हॉटेलातच उघडा पडू शकतो, कारण परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांच्या आत कळवणे हॉटेलवर बंधनकारक असून, अनेक वर्षे 'सी फॉर्म' या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या अर्जात भारतात कधी आणि कुठून आलात, हा रकाना असतो. वैध कागदपत्रांशिवाय प्रवेश करणाऱ्याला १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्यात, कलम १४-अ नुसार, किमान दोन आणि कमाल आठ वर्षांच्या कैदेची तरतूद होती. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्यात वैध पासपोर्ट किंवा व्हिसा नसताना प्रवेश करण्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिक्षेचा किमान आकडा गेला, ही बाब नोंदवण्यासारखी आहे, कारण विसराळू पर्यटक आणि हेतुपुरस्सर लपून आलेला माणूस यांच्यात फरक करायला त्यामुळे थोडी जागा मिळते. कागदावर मात्र दोघे सारखेच दिसतात. शिक्का नाही, यापलीकडे कागद काही सांगत नाही.

कागदपत्रे असूनही फसलेले प्रवासी याहून वेगळे. ज्याच्याकडे एकाच प्रवेशाचा भारतीय व्हिसा आहे, तो अर्ध्या दिवसासाठी लुंबिनीला गेला आणि त्याने सगळे शिक्के व्यवस्थित घेतले, तर परत येताना त्याचा व्हिसा वापरून झालेला असतो. २००९ च्या अखेरीपासून तीन वर्षे तर पर्यटक व्हिसावर बाहेर पडलेल्याने दोन महिन्यांच्या आत भारतात परत येऊ नये, असा नियमच होता. २०१२ मध्ये तो काही देशांचे नागरिक वगळता रद्द झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झालेला ऑनलाइन व्हिसा आरंभी निवडक विमानतळांवरच चालत असे. पुढे यादी वाढत गेली, तरी तो रस्त्यावरच्या प्रत्येक नाक्यावर चालतो असे नाही, आणि हे ठाऊक नसलेला प्रवासी व्हिसा हातात असूनही नेपाळच्या बाजूला अडकून पडतो. नियम पाळायला गेलेला असा प्रवासी पेचात सापडतो आणि न पाळणारा रिक्षातून निघून जातो, हे या नाक्याचे विचित्र वास्तव आहे.

काही नाक्यांवर आता चित्र बदलते आहे. भारतीय भूबंदर प्राधिकरणाने रक्सौल, जोगबनी आणि रूपैडिहा येथे एकात्मिक तपासणी नाके उभारले आहेत, जिथे इमिग्रेशन, सीमाशुल्क आणि सुरक्षा एकाच आवारात आहेत. अशा आवारातून जाणाऱ्या परदेशी प्रवाशाला खिडकी शोधत हिंडावे लागत नाही. पण जुना रस्ता आणि जुनी कमान बंद झालेली नसते. गावातले लोक त्याच वाटेने जातात, आणि त्यांच्या मागोमाग एखादा परकाही.

संध्याकाळी बेलहियाच्या कार्यालयातून मघाच्या कुटुंबासारखेच एक कुटुंब परत पाठवले जाते. भारताचा शिक्का घेऊन या, मग व्हिसा देऊ, असे अधिकाऱ्याने सांगितलेले असते. त्यासाठी पुन्हा कमानीखालून भारतात जावे लागते, म्हणजे चूक दुरुस्त करण्यासाठी तीच चूक उलट्या दिशेने आणखी एकदा करावी लागते, आणि या वेळीही त्यांना कोणी अडवत नाही. आजी-आजोबा पलीकडेच बाकावर बसून राहतात. त्यांना कुठेही जायची गरज नाही. उरलेले चौघे रिक्षांमधून वाट काढत चालत निघतात. त्यांची चूक बेलहियाच्या घड्याळात सव्वापाचला लक्षात आलेली असते, आणि दहा मिनिटे चालून ते भारतीय कार्यालयाच्या खिडकीशी पोहोचतात तेव्हा तिथे पाच वाजून दहा मिनिटे झालेली असतात.