क्लॅम्प लागल्यानंतर

[दृश्य: शस्त्रक्रियागृहातलं भिंतीवरचं घड्याळ. मागे फक्त मॉनिटरचा आवाज.]

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी शरीरातली सर्वांत मोठी धमनी. तिच्यावर क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा, लागला की ती वेळ टिपली जाते. तिथून पुढचा अर्धा तास फार मोलाचा. क्लॅम्पच्या खाली रक्त जात नाही. मूत्रपिंडं थांबलेली असतात, आतडी फिकट पडत असतात आणि मज्जारज्जूचा खालचा भाग उपाशी असतो. छातीपासून पोटापर्यंत फुगलेली महाधमनी सर्जनच्या हातात उघडी आहे. ती कापून बदलता येते, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न तिच्या फांद्यांचा आहे.

अ‍ॅन्युरिझम म्हणजे धमनीला आलेला फुगा. भिंत कमकुवत होते, रक्ताच्या दाबानं बाहेर फुगत जाते. पोटातली महाधमनी साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते. ती 3 सेंटिमीटरला पोचली की तिला अ‍ॅन्युरिझम म्हणतात, आणि पुरुषांमध्ये साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. फुगा रुंद होतो तसा भिंतीवरचा ताण वाढतो आणि तीच भिंत पातळही होत जाते, म्हणून तो जितका मोठा तितका फुटायला जवळ. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. मुतखड्यासाठी किंवा पित्ताशयासाठी सोनोग्राफी करतात आणि त्यात हा सापडतो.

फुगा मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खाली असेल तर काम मोठं असलं तरी सरळ आहे. फुग्यातूनच महत्त्वाच्या फांद्या निघत असतील तर सगळं बदलतं. ज्यानं कालव्याच्या पाण्यावर शेती केली आहे, त्याला हे लगेच कळेल. कालव्याला भगदाड पडलं, दुरुस्ती करायची, तर वरचं दार बंद करावं लागतं. दार बंद झालं की खालच्या सगळ्या चाऱ्या कोरड्या. भिंत बांधायला दोन दिवस लागणार असतील आणि पीक एकच दिवस तग धरणार असेल, तर आधी पिकाच्या पाण्याची सोय करावी लागते. अवघड अ‍ॅन्युरिझमच्या शस्त्रक्रियेचा इतिहास हा या सोयीचा इतिहास आहे, असं मला वाटतं.

[दृश्य: अठराव्या शतकातल्या लंडनचं चित्र. मग मांडीतल्या धमन्यांची आकृती.]

डिसेंबर 1785. लंडनचं सेंट जॉर्जेस हॉस्पिटल. रुग्ण 45 वर्षांचा घोडागाडीवाला, गुडघ्याच्या मागे मोठा फुगा. त्या काळी अशा माणसाचा पाय मांडीतून कापत, नाहीतर फुग्याजवळच धमनी बांधत. तिथली भिंत रोगट, म्हणून टाका सुटे आणि माणूस रक्तस्रावानं जाई. जॉन हंटर यांनी फुग्याला हात लावला नाही. मांडीत, वरती, धमनी निरोगी होती तिथे त्यांनी ती बांधली. पाय जगला. मुख्य वाट बंद झाल्यावर बाजूच्या बारीक धमन्या रुंद झाल्या आणि त्यांनी पायाला रक्त पोचवलं. तो माणूस सहा-सात आठवड्यांत घरी गेला आणि पुन्हा गाडी हाकू लागला.

पायाला आडवाटा पुष्कळ असतात. महाधमनीचं तसं नाही. 1817 मध्ये लंडनच्याच अ‍ॅस्टली कूपर यांनी एका मरणासन्न रुग्णाची पोटातली महाधमनी बांधली. तो दोन दिवसही जगला नाही. तेव्हा करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, हे लक्षात घेऊनच त्या धाडसाकडे पाहायला हवं.

पुढची मोठी कल्पना न्यू ऑर्लिन्सची. 1888 मध्ये रुडॉल्फ माटास यांच्यापुढे एक तरुण शेतमजूर आला. छर्रे लागून त्याच्या दंडात फुगा झाला होता. धमनी वरून बांधली, तरी काही दिवसांनी फुगा पुन्हा धडधडू लागला. आडवाटांनी रक्त मागून येत होतं. हंटर यांच्या रुग्णाला ज्या वाटांनी तारलं, त्याच इथे आड आल्या. माटास यांनी फुगा उघडला आणि रक्त येणारी एकेक तोंडं आतूनच टाके घालून बंद केली. फुगा सोडवून बाहेर काढायचाच नाही, त्याच्या पोटात शिरून काम करायचं. आजही महाधमनीच्या शस्त्रक्रियेत सर्जन फुगा उघडून आतूनच टाके घालतात.

टाके घालायचे तर धमनी शिवता यायला हवी. ते शिकवलं फ्रान्सच्या अलेक्सी कॅरेल यांनी. बारीक सुई आणि रेशमी धागा हाताळण्यासाठी त्यांनी लिऑनमध्ये एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे धडे घेतले होते. 1912 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तरीही महाधमनीचा तुकडा काढून तिथे दुसरा बसवायला 1951 उजाडावं लागलं. त्या वर्षी 29 मार्चला पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी पोटातला अ‍ॅन्युरिझम काढला आणि मृत दात्याच्या शरीरातून घेतलेली महाधमनी तिथे शिवली. मग ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी दुकानातून डॅक्रॉनचं, म्हणजे पॉलिस्टरचं, कापड घेऊन आले आणि घरच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवू लागले. दाता मिळण्याची वाट पाहायची गरज संपली.

आल्बर्ट आइनस्टाइन या दोन काळांच्या मधे सापडले. 1948 मध्ये त्यांचा पोटातला अ‍ॅन्युरिझम उघडून पाहिला, तेव्हा रुडॉल्फ निसेन यांना त्याच्याभोवती सेलोफेन गुंडाळण्यापलीकडे काही करता आलं नाही. एप्रिल 1955 मध्ये तो फुटला. तोवर शस्त्रक्रिया होऊ लागली होती. त्यांनी ती नाकारली.

[दृश्य: छाती आणि पोट यांचा सीटी स्कॅन. महाधमनी हळूहळू त्रिमितीय आकार घेते. एकेक फांदी उजळते.]

आता पडद्यावर पाहा. छातीतून खाली येताना महाधमनी दर बरगडीमागे मागच्या बाजूला जोडीजोडीनं फांद्या देते. पोटात शिरली की यकृत-जठर-प्लीहेची फांदी, मग आतड्यांची, मग दोन्ही मूत्रपिंडांच्या. हा संपूर्ण पट्टा फुगला तर? याला छाती-पोटाचा, थोराकोअ‍ॅब्डॉमिनल अ‍ॅन्युरिझम म्हणतात. ह्यूस्टनचे स्टॅन्ली क्रॉफर्ड यांनी आयुष्याचा मोठा भाग या एका दुखण्याला दिला. डावीकडून छाती आणि पोट एकाच लांब छेदानं उघडायचं, फुगा उभा चिरायचा, आत कापडी नळी ठेवायची. मग त्या नळीला खिडक्या पाडायच्या आणि फांद्यांची तोंडं त्या खिडक्यांना आतून शिवून टाकायची. प्रत्येक फांदी वेगळी सोडवत बसलं तर वेळ जातो. इथे तीन-चार तोंडं एकाच गोल टाक्यात सामावतात, आणि वाचलेलं प्रत्येक मिनिट मूत्रपिंडांना मिळतं. फुगा कुठून कुठवर पसरला आहे यावरून त्यांनी चार प्रकार पाडले. ते वर्गीकरण आजही वापरात आहे.

क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांच्या 1509 रुग्णांचा अहवाल 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. क्रॉफर्ड त्याआधीच वारले होते. पहिल्या 30 दिवसांत 92 टक्के रुग्ण जगले. इतक्या मोठ्या शस्त्रक्रियेत हा आकडा थक्क करणारा आहे. पण त्याच अहवालात दुसरा आकडा आहे: 16 टक्के रुग्णांचे पाय पूर्ण किंवा अंशतः लुळे पडले. सगळ्यात लांब फुग्यांत हे प्रमाण 31 टक्के होतं. माणूस वाचला, पण उठून उभा राहू शकत नाही. त्यांनी हा आकडा झाकला नाही. पुढचं सगळं संशोधन त्यातूनच उभं राहिलं, म्हणून त्या प्रामाणिकपणाबद्दल मला फार आदर आहे.

पाय का जातात? मज्जारज्जूच्या खालच्या भागाला रक्त देणारी एक मोठी धमनी बहुधा डावीकडून, छातीच्या शेवटच्या मणक्यांच्या पातळीवर शिरते. तिला अ‍ॅडमकिविच यांचं नाव आहे. त्यांनी 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास केला होता. तिचा उगम माणसागणिक बदलतो. फुगा उघडला की मागच्या भिंतीवर छोट्या छोट्या तोंडांच्या जोड्या दिसतात. त्यांतलं कुठलं बंद करायचं आणि कुठलं नळीला जोडायचं, हे त्याच वेळी ठरवावं लागतं.

उपाय बरेच आहेत, आणि ते एकत्रच वापरतात. हृदयाच्या डाव्या बाजूचं रक्त पंपानं खालच्या अंगाला पोचवायचं. मूत्रपिंडांत थंडगार द्राव सोडायचा. शरीर किंचित थंड ठेवायचं. आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी थोडं थोडं काढत राहायचं. कंबरेतून बारीक नळी घालून हे करतात. पाण्याचा दाब कमी झाला की रज्जूत शिरणाऱ्या रक्ताला कमी अडथळा होतो. साधीच गोष्ट आहे, पण ह्यूस्टनला जोसेफ कोसेली यांच्या गटानं 145 रुग्णांवर ती तपासली. नळी नसलेल्यांत 13 टक्क्यांचे पाय कमजोर झाले, नळी असलेल्यांत 2.6 टक्क्यांचे. हा अहवाल 2002 चा.

धोका शस्त्रक्रियागृहातच संपत नाही, ही गोष्ट नातेवाइकांना आधी नीट सांगायला हवी. रुग्ण शुद्धीवर येतो, दोन्ही पाय हलवतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तदाब उतरला की पाय जातात. म्हणून अतिदक्षता विभागातल्या परिचारिका पुन्हा पुन्हा येऊन पाय उचलायला सांगतात. कमजोरी लगेच लक्षात आली तर रक्तदाब वाढवून आणि पाणी काढून कित्येकदा ताकद परत आणता येते. या रुग्णांचे पाय वाचतात त्यात या परिचारिकांचा मोठा वाटा आहे.

अलीकडे काम टप्प्याटप्प्यानं करतात. मज्जारज्जूभोवती, पाठीच्या स्नायूंत, बारीक धमन्यांचं जाळं असतं. एकदम सगळ्या फांद्या बंद केल्या तर ते कोलमडतं. थोड्या थोड्या बंद करत गेलं तर जाळं रुंद होतं. जर्मनीत लाइपझिगच्या डॉक्टरांनी मुख्य शस्त्रक्रियेच्या आधी मणक्यांकडच्या काही फांद्या बारीक कॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या, घालून बंद करायची पद्धत सुरू केली.

[दृश्य: बर्फाच्या चुऱ्यात ठेवलेलं भांडं. त्यात मूत्रपिंड. दोन सर्जन भिंग लावून काम करताना.]

महाधमनी सोडून इतरत्रही असे फुगे येतात. ते क्वचित येतात, आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा. मूत्रपिंडाच्या धमनीत, अगदी आत, ती फाटे फोडते तिथे फुगा असेल, तर पोटात वाकून तो नीट शिवता येत नाही. मग मूत्रपिंडच बाहेर काढतात, थंड द्रावानं धुतात, बर्फात ठेवतात, टेबलावर सावकाश एकेक फाटा दुरुस्त करतात आणि ते परत त्याच माणसाच्या ओटीपोटात बसवतात. इथे घड्याळाला बर्फानं हरवलं आहे.

प्लीहेच्या धमनीचा फुगा स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. गरोदरपणात तो फुटला तर आई आणि बाळ दोघांचाही जीव जाण्याचा धोका फार मोठा असतो. कधी तो दोनदा फुटतो: आधी जठरामागच्या बंदिस्त जागेत रक्त साठतं, बाई थोडी सावरते, मग ते सगळ्या पोटात पसरतं. मधला तो वेळ म्हणजे तिला वाचवायची संधी. गरोदर बाईला अचानक पोटाच्या वरच्या भागात, डावीकडे तीव्र कळ आली आणि चक्कर आली, तर अ‍ॅसिडिटी म्हणून घरी थांबवू नका. शस्त्रक्रिया त्या मानानं सोपी आहे. फुग्याच्या दोन्ही बाजूंना धमनी बांधता येते, कारण प्लीहेला जठराकडून दुसरं रक्त मिळतं.

स्वादुपिंडाभोवतीच्या धमन्यांच्या कमानीत मात्र असं करून चालत नाही. तिथला फुगा पुष्कळदा वरची मोठी धमनी अरुंद झाल्यामुळे येतो. यकृताचं रक्त त्या बारीक कमानीतून वळसा घेऊन जात असतं आणि त्या जादा प्रवाहानं ती फुगते. फुगा बंद केला तर यकृताची वाटच तुटू शकते. म्हणून आधी नकाशा, मग सुरी.

आपल्याकडे ताकायासूचा आजारही पाहावा लागतो. महाधमनी आणि तिच्या फांद्यांच्या भिंतीला सूज येते, बहुतेक तरुण मुलींना. नाव पडलं जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांच्यावरून. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन, डॉ. किणरे, डॉ. पारुळकर आणि सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांमधल्या महाधमनीच्या अशा दुखण्यांवर मोलाचं काम केलं. 1963 मध्ये त्यांचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला. या आजारात धमनी बहुधा अरुंद होते, काहींत फुगते. सूज धगधगत असताना शिवलं तर टाक्यांपाशी नवा फुगा येऊ शकतो. म्हणून जमेल तिथे आधी औषधांनी सूज शांत करतात, मग ऑपरेशन.

[दृश्य: एक्स-रे पडद्यावर स्टेंट उघडतो.]

1987 मध्ये खारकिव्हला निकोलाय व्होलोदोस यांनी आणि 1990 मध्ये ब्युनॉस आयर्सला हुआन पारोदी यांनी जांघेतून स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेली नळी, आत सरकवून अ‍ॅन्युरिझमवर उपचार केले. छेद लहान, क्लॅम्प नाही. फांद्या असतील तिथेही फांद्यांसकटची नळी बसवता येते, हे टिमोथी शूटर यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून दाखवलं. वयस्क, थकलेल्या रुग्णांसाठी हे वरदान आहे. पण खास मापाची नळी बनून यायला काही आठवडे लागतात, आणि मार्फानसारख्या जन्मजात आजारात तरुण माणसाची भिंतच ठिसूळ असते. तिथे उघडी शस्त्रक्रियाच अनेकदा जास्त टिकते.

आणि नळीला जंतुसंसर्ग झाला तर तिला काढावंच लागतं. मग पुन्हा मोठा छेद आणि पुन्हा क्लॅम्प. कापडी नळी तिथे नको असते, म्हणून रुग्णाच्याच मांडीतली शीर वापरतात किंवा दात्याची महाधमनी, जशी द्युबोस्त यांनी वापरली होती. हे करू शकणारे हात उघड्या शस्त्रक्रियांतूनच तयार होतात, आणि स्टेंट वाढत गेले तशा त्या कमी होत आहेत. याची मला काळजी वाटते. प्रशिक्षण घेणाऱ्या तरुण सर्जनांना मोजक्याच मोठ्या केंद्रांत का होईना, पण अशा केसेस पुरेशा मिळाल्या पाहिजेत.