फोंड्यात आलेली छत्रीधारी पलटण

मंडळी, आज 19 डिसेंबर. व्याख्यान फोंड्यात आहे, तेव्हा सुरुवात इथूनच करतो. 1961 साली ऑपरेशन विजयमध्ये, म्हणजे पोर्तुगीजांकडून गोवा मुक्त करण्याच्या लष्करी कारवाईत, उत्तरेकडून उसगावमार्गे फोंड्यावर जी पलटण आली, ती होती 2 पॅरा, म्हणजे मराठा छत्रीधारी. विमानातून उड्या घ्यायला शिकलेले हे जवान गोव्यात मात्र जमिनीवरूनच आले. आपल्या नद्यांनीच त्यांची परीक्षा घेतली. पोर्तुगीजांनी डिचोली, शापोरा, अस्नोडा इथले पूल उडवले होते आणि वाटेत सुरुंग पेरले होते.

ही पलटण ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या 50 पॅरा ब्रिगेडमधली. मुख्य हल्ला 17 डिव्हिजनने पूर्वेकडून करायचा आणि या ब्रिगेडने उत्तरेकडून मदतीला राहायचं, असं ठरलं होतं. पण सगत सिंग थांबणारे नव्हते. 18 तारखेच्या संध्याकाळी त्यांची एक तुकडी बेतीला मांडवीच्या काठावर होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीत. शहरात शिरताना त्यांनी जवानांना लोखंडी टोप उतरवून मरून रंगाच्या बेरे टोप्या घालायला सांगितलं. मला या हुकमाचं फार मोल वाटतं. लढाईच्या धुमश्चक्रीतही, समोर आहेत ती आपली माणसं आहेत, हे त्यांना दिसत होतं.

या पलटणीचं मूळ 1797 सालचं. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कूतच्या वेढ्यात ती होती. दुसऱ्या महायुद्धात ती 5व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन होती, आणि नाईक यशवंत घाडगे तिचेच. रायगडमधल्या माणगावच्या या मुलाने 10 जुलै 1944 रोजी इटलीत, सगळी तुकडी पडलेली असताना, मशीनगनच्या मोर्चावर एकट्याने चाल केली. हातगोळा टाकला, उरलेल्यांशी लढला आणि मोर्चा घेतल्यावर गोळी लागून पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण मरणोत्तर. माणगावला जाल तेव्हा त्यांच्या पुतळ्यापाशी क्षणभर थांबा. पुढे 1948 साली ही पलटण काश्मीरमध्ये झांगडच्या लढाईत होती.

आता गोव्यानंतर दहा वर्षं पुढे जाऊ. 11 डिसेंबर 1971, पूर्व पाकिस्तानातलं टांगाईल. संध्याकाळी आकाशातून छत्र्या उतरू लागल्या. लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांच्या हाताखाली सुमारे 700 जवान. काम एकच, लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन उत्तरेकडून ढाक्याकडे मागे सरकणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट तोडायची. कुणी शेतात पडलं, कुणी तळ्यात. गावकऱ्यांनी सामानाची बोचकी शोधायला मदत केली. पूल त्याच रात्री हाती आला. 16 तारखेला ढाक्यात पहिल्यांदा शिरलेल्या भारतीय जवानांत हेच होते. पन्नू यांना महावीर चक्र मिळालं.

या सगळ्या काळात 2 पॅरा ही ‘स्पेशल फोर्सेस’ नव्हती. आपल्या सेनेत कमांडो पलटणींची मुळं 1965च्या मेजर मेघ सिंग यांच्या मेघदूत फोर्समध्ये सापडतात, आणि त्यातून 1966 साली 9 पॅरा उभी राहिली. 2 पॅराला हा दर्जा फार पुढे मिळाला. आता तिथे छातीवर ‘बलिदान’ बिल्ला लागतो, खंजिराचा, देवनागरी अक्षरांचा. तो मिळवायला आधी प्रोबेशन, म्हणजे कसोटीचा काळ, काढावं लागतं, आणि त्यात बहुतेक जण गळतात.

सावंतवाडीकडच्या एका गावात या पलटणीचे एक निवृत्त हवालदार राहतात. वय 85च्या पुढे. गाव त्यांना हवालदारकाका म्हणतं. मी तीनदा भेटलो. शौर्याबद्दल विचारलं की ते गप्प बसतात, पण पाण्याबद्दल विचारलं की बोलायला लागतात. डिसेंबरची पहाट, नदीचं थंडगार पाणी, पाठीवर ओझं, रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली. टांगाईलला उडी मारली तेव्हा ते नाईक होते, पण त्या उडीपेक्षा गोव्यातली नदी त्यांना जास्त आठवते. का, असं मी विचारलं. म्हणाले, “मास्तर, विमानातून उडी मारताना आपण काय करतोय ते ठाऊक असतं. इथं पाणी किती खोल, पायाखाली काय, काहीच ठाऊक नव्हतं. मग एक माणूस आला, लुंगी वर खोचली आणि पुढं चालू लागला. आम्ही त्याच्या मागोमाग.”

त्या माणसाचं नाव त्यांना माहीत नाही. कोकणीत तो काहीतरी म्हणाला, तेही कळलं नाही. फक्त उतार दाखवून तो पलीकडच्या झाडीत निघून गेला.

उसगाव, डिचोली, साखळी भागातले जे कुणी इथे बसले आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर जुन्या माणसांना एवढं विचारा. कुणाच्या आजोबांनी त्या पहाटे सैनिकांना नदी पार करून दिली का? कुणी सापडलं तर मला कळवा. हवालदारकाकांना फार प्रवास जमत नाही. पण फोन लावून देता येईल, आणि मीच त्यांच्याकडे जाईन.